जाड पायांचे तिरपे अक्षर : कुठे वापरावे, कुठे टाळावे

गिऱ्हाईक कापडाला हात लावते आणि लगेच लेबल वाचते. तरीही लेबल, बिलबुक किंवा पत्रक छापायला देताना अक्षर कोणते हवे, हे आपण छापखान्यावर सोडून मोकळे होतो. म्हणून आज आम्ही इंग्रजी अक्षरांच्या एका जातीची माहिती देत आहोत. छपाईच्या धंद्यात तिला 'स्लॅब सेरिफ इटॅलिक' म्हणतात.

सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकाची छोटी आडवी रेघ. ती पट्टीसारखी जाड व चौकोनी असली की स्लॅब सेरिफ. हे अक्षर व्यापारासाठीच जन्मले. औद्योगिक क्रांतीच्या काळात इंग्लंडमध्ये जाहिराती वाढल्या. पुस्तकातले नाजूक अक्षर भिंतीवर दुरून दिसेना. 1815 च्या सुमारास लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स यांनी जाड पायांचे खिळे बाजारात आणले. 1845 मध्ये रॉबर्ट बेस्ली यांनी 'क्लॅरेंडन' आणून त्याची कायद्याने नोंदणीही केली. पण संरक्षण तीनच वर्षांचे होते. मुदत संपताच इतरांनी नक्कल सुरू केली. डिझाइनची नक्कल कापडबाजाराला तरी नवी नाही!

इटॅलिक याहून जुने. व्हेनिसचे आल्डस मानुटियस यांनी 1501 मध्ये हस्ताक्षराच्या वळणाच्या या तिरप्या अक्षरात अख्खे पुस्तक छापले. पुढे ते एखादा शब्द उठून दिसावा म्हणून वापरले जाऊ लागले.

या दोन्हींचा मेळ झाला की जाड पाया ठामपणा देतो आणि तिरपेपणा चाल देतो. मात्र यातही दोन प्रकार आहेत. 1934 च्या 'रॉकवेल'मध्ये सरळ अक्षरालाच कलते केले आहे. त्यामुळे ते भक्कम, पण जरा ताठ वाटते. 1990 मध्ये आलेल्या 'सिसिलिया'च्या इटॅलिकमध्ये मात्र लेखणीचे वळण आहे. तिचे सरळ अक्षर इतके सुवाच्य की 2007 च्या पहिल्या किंडल वाचनयंत्रात तेच घेतले गेले.

आता उपयोगाचे. विणलेल्या लेबलात बारीक रेघा धाग्यात हरवतात, जाड पायांचे अक्षर टिकते. म्हणून मालाचे नाव सरळ स्लॅबमध्ये आणि त्याखाली 'शुद्ध सुती' अशा अर्थाची एखादी इंग्रजी ओळ त्याच्याच इटॅलिकमध्ये घ्यावी. धुण्याच्या सूचना, माप आणि किंमत मात्र सरळच ठेवावी. तिथे वाचण्यात चूक झाली तर कपडा बिघडतो आणि गिऱ्हाईक तुटते. सगळेच तिरपे केले तर काहीच उठून दिसत नाही.

संगणकावर बटण दाबून केलेले तिरपे अक्षर घेऊ नये. चौकड्याचे कापड कोनात ओढले की चौकडे वाकडे होतात, तसेच अक्षराचे होते. देवनागरीला शिरोरेषा आहे, आणि उर्दूचे नस्तालीक मुळातच उतरत्या चालीचे आहे. या दोघांना जबरदस्तीने कलते करू नये. तिथे जोर द्यायचा तर अक्षर ठळक करावे.

छपाईला मंजुरी देण्यापूर्वी नमुना मूळ आकारातच काढून घ्यावा आणि दुकानातल्या साध्या उजेडात एखाद्या वयस्कर गिऱ्हाइकाला वाचायला द्यावा. ते अडखळले तर अक्षर बदलावे. एक नमुना वाया गेला तर नुकसान थोडे, हजार लेबले वाया गेली तर मोठे.