कॉबची दुडकी अंगवळणी पडताना

प्रश्न : पुण्यात थरोब्रेडवर रपेट शिकले. आता इंग्लंडमध्ये असते. इथे मला कॉब दिला आहे. दुडकीत ताल सारखा चुकतो, मांड्याही भरून येतात. काय करू?

उत्तर : तुमची मांड बिघडलेली नाही, घोडा बदलला आहे. कॉब म्हणजे आखूड पायांचा, रुंद पाठीचा, दणकट घोडा. ब्रिटनमधल्या शो रिंगणात नेहमीच्या कॉब वर्गांत त्याची उंची १५५ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. बरेच कॉब गाडी ओढणाऱ्या वळणाचे असतात. खांदा उभा, गुडघे वर उचलले जातात आणि पावलं आखूड, भराभर पडतात. थरोब्रेडच्या लांब टापेला सरावलेलं तुमचं शरीर अजून तेवढंच उंच उठतं आणि खाली येईपर्यंत पुढचा ठोका निघून गेलेला असतो.

म्हणून उठणं कमी करा. खोगिरापासून जेमतेम सुटलात तरी पुरे. ‘एक-दोन, एक-दोन’ असं मोठ्याने मोजा, त्याने श्वासही अडकत नाही. पाठ रुंद असल्याने गुडघे आवळायचा मोह होतो, पण आवळलेल्या गुडघ्यांनी तुम्ही वरच ढकलल्या जाता. सुरुवातीला साध्या चालीत रिकिबी सोडून पाय लोंबते ठेवा, कंबर मोकळी होईल.

सारख्या टाचा मारू नका, कॉब बधिर होतो. एकदाच स्पष्ट इशारा द्या आणि थांबा. गोल अंगावर खोगीर घसरतं, त्यामुळे चढल्यावर तंग पुन्हा तपासून घ्या.