बाळाचा भार कोणावर?

बाळ गुटगुटीत असलं की घरात कौतुकाला नुसतं उधाण येतं. आल्यागेल्या बायका गाल कुरवाळतात, आजी तीट जरा मोठीच लावते, संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात. पण त्या बाळाला दिवसातून आठ-दहा वेळा अंगावर घेणाऱ्या आईचं मनगट कसं आहे, हे सहसा कोणी विचारत नाही.

माझा मुलगा जन्मला तेव्हा 4 किलो 100 ग्रॅमचा होता. दीड महिन्यात माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ यायला लागली की भरलेला तांब्या उचलवेना. मान आखडलेली, पाठीचा काटा ढिला झाल्यासारखा. मला वाटायचं, मीच नाजूक. माझ्या आईने दोन दिवस नुसतं पाहिलं आणि मग म्हणाली, "अगं, तू त्याला पाजतेस की उचलून धरतेस?"

आई-बाबांनो, आजचं हितगुज या एका प्रश्नाभोवतीच आहे. आईच्या हातांचं काम बाळाला जागेवर आणायचं. त्याचं वजन पेलायचं काम मांडीचं, गादीचं, उशीचं आणि भिंतीचं.

सुरुवात बसण्यापासून करू. पाठ भिंतीला किंवा लोडाला पूर्ण टेकवा. जमिनीवर बसत असाल तर जुन्या बायकांसारखा एक गुडघा उभा करून त्यावर कोपर टेकवा. खुर्चीवर असाल तर पायांखाली पाट घ्या, म्हणजे मांडी वर येते. मग मांडीवर उशी किंवा चारपदरी गोधडी ठेवून बाळ स्तनाच्या उंचीला येऊ द्या. आपण वाकून स्तन बाळाकडे न्यायला गेलो की पाठ गेलीच म्हणून समजा. बाळालाच आपल्याकडे आणायचं. त्याचं पोट आपल्या पोटाला लागलेलं, कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. मान वळवून दूध पिणं किती अवघड असतं, हे स्वतः मान वळवून घोटभर पाणी पिऊन पाहा.

मोठ्या बाळाची आणखी एक अडचण म्हणजे त्याचे पाय. मांडीवर आडवं घेतलं तर ते खुर्चीच्या हातावर आपटतात आणि बाळ स्वतःला मागे ढकलतं. अशा वेळी त्याला बगलेतून घ्या. त्याचं अंग आपल्या कुशीला, डोकं पुढे, पाय पाठीमागे. पाठीमागे एक उशी जास्तीची ठेवा, म्हणजे पायांना जागा मिळते आणि खुर्चीच्या पाठीला लाथ बसत नाही. सिझेरियनच्या टाक्यांवर वजन पडत नाही, म्हणून ओल्या बाळंतिणीलाही ही पद्धत सोयीची.

मला स्वतःला तारलं ते कुशीवर झोपून पाजण्याने. आई कुशीवर, बाळ तिच्याकडे तोंड करून कुशीवर. सगळा भार गादीवर. एकच पथ्य : गादी घट्ट हवी, बाळाच्या तोंडाजवळ उशी-पांघरूण नको, आणि पिऊन झालं की बाळाला उताणं, त्याच्या जागेवर ठेवायचं. सोफ्यावर बाळाला घेऊन डुलकी मात्र कधीच काढू नका. फटीत अडकून बाळ गुदमरण्याचा धोका असतो.

तिसरी तऱ्हा मागे रेलून बसायची. पूर्ण आडवं नाही, आरामखुर्चीत बसतो तेवढंच. बाळ आपल्या छातीवर पालथं. दूध जोरात येऊन बाळाला ठसका लागत असेल तर या तऱ्हेने तो बराच कमी होतो.

कशीही बसा, तोंडात पकड नीट हवी. बाळाचं नाक बोंडासमोर आणा, त्याने मोठा 'आ' केला की जवळ ओढा. नुसतं बोंड नव्हे, भोवतीचा काळसर भागही तोंडात जायला हवा. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. डोकं मागून दाबू नका, मानेखाली आणि खांद्यांना आधार द्या. दुखत राहिलं तर करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. चिरा, ताप, छातीत लालसर गाठ असं काही असेल तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. अंगठ्याची कळ राहत नसेल तर तीही.

आता घरातल्या वडीलधाऱ्यांशी दोन शब्द. "एवढं मोठं बाळ, हिच्या दुधावर कसं भागणार?" हे वाक्य उशीखालच्या खड्यासारखं टोचतं. खरं तर पहिल्या महिन्यानंतर सहाव्या महिन्यापर्यंत बाळ दिवसभरात जेवढं दूध पितं, ते फारसं वाढत नाही. बाळ दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. शंका वाटली तर वजनकाट्याला विचारा, सुनेला नको.

आणि बाबांनो, तुम्ही पाजू शकत नाही, पण भार वाटून घेऊ शकता. ती नीट टेकून बसली की बाळ तिच्या हातात द्या, कोपराखाली उशी सरकवा, जवळ पाणी ठेवा, नंतर ढेकर काढायला बाळ खांद्यावर घ्या. प्रवासात एसटी स्टँडवरच्या हिरकणी कक्षात उशी मिळेलच असं नाही. कपड्यांची पिशवी मांडीवर ठेवून वर शाल घातली की काम होतं. ती पिशवी तुमच्या खांद्यावर असू द्या.

पुढे पुढे हे सोपं होत जातं. मुलगा नऊ महिन्यांचा झाला तेव्हा माझ्या मांडीवर घोड्यावर बसल्यासारखा बसायचा, दोन्ही पाय दोन बाजूंना, आणि ताठ बसून प्यायचा. त्याचा भार त्याचा तोच सांभाळायला लागला होता. माझा एक हात मोकळा असायचा. पाजताना घशाला कोरड पडतेच. एकदा त्या मोकळ्या हाताने शेजारचा भरलेला तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायले. अर्धा तांब्या संपल्यावर लक्षात आलं, तो डावा हात होता.