डोंगरावरचं पांढरं कुंपण : मतभेद शिकवणारा एक पाठ



मागच्या वर्षी चौथीच्या वर्गात चित्रकलेच्या तासाला मी मुलांना एक फोटो दाखवला. वाळलेल्या गवताच्या सोनेरी टेकड्या आणि त्यांच्यावरून वळणं घेत जाणारी पांढऱ्या कापडाची लांबच लांब भिंत. मुलं बघतच राहिली. मी सांगितलं, "हे कुंपण १४ दिवस उभं होतं, मग काढून टाकलं." एक मुलगी लगेच उठली. "मॅडम, काढायचंच होतं तर लावलं कशाला?"

मी म्हटलं, "अगं, ही कला आहे. मोठी झालीस की कळेल." ती गप्प खाली बसली.

तास संपला, पण तिचं ते खाली बसणं मनातून जाईना. घरी या कुंपणाबद्दल नीट वाचलं, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. हाच प्रश्न त्या टेकड्यांवरच्या मोठ्या माणसांनीही विचारला होता. आणि त्यांना कुणी "मोठे झालात की कळेल" असं म्हणालं नव्हतं!

कुंपणाची गोष्ट

ख्रिस्तो आणि जीन-क्लोद हे कलाकार पती-पत्नी. ख्रिस्तो बल्गेरियातले, जीन-क्लोद यांचा जन्म मोरोक्कोतला. गंमत म्हणजे दोघांची जन्मतारीख एकच, १३ जून १९३५. (मुलांना हे फार आवडतं!) अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, सोनोमा आणि मरिन या जिल्ह्यांतून त्यांना एक कापडी कुंपण न्यायचं होतं. नाव 'रनिंग फेन्स', म्हणजे धावतं कुंपण. उंची साडेपाच मीटर, लांबी सुमारे ३९ किलोमीटर. टेकड्या चढत-उतरत ते शेवटी पॅसिफिक महासागरात उतरणार होतं. त्यासाठी २,०५० लोखंडी खांब आणि सुमारे दोन लाख चौरस मीटर नायलॉनचं कापड लागलं. खर्च सरकारचा नव्हता, देणगीदारांचाही नव्हता. ख्रिस्तो आपली चित्रं आणि आराखडे विकायचे, त्यातून पैसा उभा राहायचा.

पण टेकड्या काही त्यांच्या नव्हत्या. त्या होत्या गाई-मेंढ्या पाळणाऱ्या ५९ शेतकरी कुटुंबांच्या.

लोक काय म्हणाले?

विचार करा, उद्या एक परका माणूस तुमच्या बांधावर येऊन म्हणाला, "इथे मला १४ दिवस कापड लावायचंय," तर तुम्ही काय म्हणाल? तेच ते लोक म्हणाले. कुणी हसलं, कुणी दारातूनच परत पाठवलं. हे दोघं मात्र पुन्हा पुन्हा जात राहिले. त्या लोकांच्या स्वयंपाकघरात बसून बोलत राहिले. काम संपल्यावर कापड आणि खांब शेतकऱ्यांनाच मिळतील, असंही ठरलं. हळूहळू ५९ कुटुंबं तयार झाली.

तरी सगळा भाग काही तयार नव्हता. कुंपण थांबवण्यासाठी विरोधकांनी समिती काढली, आणि विरोधकांत तिथले काही कलाकारही होते. बघ्यांची गर्दी होईल, जमिनीचं नुकसान होईल, जनावरांचं काय, असे प्रश्न आले. 'ही कलाच नाही' हा आक्षेप तर होताच. एकूण १८ जनसुनावण्या झाल्या, प्रकरण कोर्टात गेलं, पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा ४५० पानी अहवाल तयार झाला. या सगळ्यात साडेतीन वर्षं गेली. सप्टेंबर १९७६ मध्ये कुंपण उभं राहिलं तेव्हा त्यात रस्त्यांसाठी, गुरांसाठी आणि रानातल्या प्राण्यांसाठी वाटा मोकळ्या ठेवलेल्या होत्या.

ख्रिस्तो म्हणत, या सभा, ही भांडणं, हे अर्ज, सगळं माझ्या कलाकृतीचाच भाग आहे. मला आधी हे बोलणं चलाखीचं वाटलं होतं. नंतर वाटलं, खरंच की! कलेवर एरवी कधी न बोलणारी माणसं साडेतीन वर्षं 'कला म्हणजे काय' यावर तावातावाने बोलत होती.

स्वयंपाकघरातून आलेलं उत्तर

या कुंपणावर एक माहितीपट आहे. त्यात एका सुनावणीत एक शेतकरी बाई उभी राहते आणि बोलते. तिच्या बोलण्याचा आशय असा, की कधी कधी मी खूप कष्ट घेऊन स्वयंपाक करते, माझ्या लेखी ती कलाच असते. आणि तिचं होतं काय? खाल्ली जाते, संपून जाते.

'१४ दिवसांनी काढायचं तर लावायचं कशाला' याला याहून चांगलं उत्तर मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. आणि ते कुठल्या जाणकाराने नाही, रोज चुलीशी उभं राहणाऱ्या बाईने दिलं. आपल्याकडे दारातली रांगोळी सकाळी काढतो, संध्याकाळपर्यंत ती पुसली जाते. म्हणून काढायची कुणी थांबतं का?

विरोध करणारे अडाणी नव्हते

शिक्षक म्हणून इथे आपण सावध राहायला हवं. 'कलाकार शहाणा आणि गावकरी अडाणी' अशी गोष्ट सांगणं सोपं असतं. पण ती खरी नाही. समुद्रात उतरणारा कुंपणाचा शेवटचा तुकडा ख्रिस्तोंनी किनारा आयोगाची परवानगी नसतानाही उभारला. इतकी वर्षं परवानग्या मागणाऱ्या माणसाने शेवटी नियम मोडला, हेही मुलांना सांगायला हवं.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे. ऑक्टोबर १९९१ मध्ये याच दांपत्याने जपानमध्ये १,३४० निळ्या आणि कॅलिफोर्नियात १,७६० पिवळ्या छत्र्या उघडल्या. एकेक छत्री सहा मीटर उंच, वजन सुमारे २०० किलो. लाखो लोक बघायला आले. पण कॅलिफोर्नियात जोराच्या वाऱ्याने एक छत्री उखडली आणि बघायला आलेल्या एका स्त्रीचा मृत्यू झाला. ख्रिस्तोंनी सगळ्या छत्र्या ताबडतोब बंद करायला सांगितल्या. त्या काढताना जपानमध्ये क्रेनचा विजेच्या तारेला स्पर्श झाला आणि एक कामगारही गेला. म्हणजे 'काही झालं तर जबाबदार कोण?' हा प्रश्न रडका नाही, तो विचारायलाच हवा.

वर्गातली जनसुनावणी

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला सगळ्यांसमोर म्हटलं, "काल तुझा प्रश्न बरोबर होता, माझं उत्तर चुकलं." मग आम्ही वर्गात सुनावणी घेतली. तुम्हीही घेऊ शकता. साहित्य काही लागत नाही, दोन तासिका पुरतात.

१. फोटो दाखवा किंवा फळ्यावर टेकड्या आणि कुंपण काढा. गोष्ट सांगा, पण शेवट सांगू नका.

२. भूमिका वाटा : कलाकार, तयार असलेला शेतकरी, नकार देणारा शेतकरी, अधिकारी, पत्रकार आणि एक मेंढी.

३. प्रत्येकाला दोन मिनिटं. नियम एकच : आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, मगच आपलं मांडायचं.

४. शेवटी हात वर करून मत घ्या. मत बदललेल्या मुलांना कारण विचारा. मत बदलणं म्हणजे हरणं नव्हे, हे आवर्जून सांगा.

आमच्या वर्गात मेंढी झालेल्या मुलाने सगळ्यांची बोलती बंद केली. "माझी पाण्याची वाट अडली तर मी कुणाकडे अर्ज करू?" असं त्याने विचारलं. अधिकारीबाईंनी कुंपणात वाट ठेवायची अट घातली. खऱ्या कुंपणातही वाटा ठेवल्या होत्या, हे मी नंतर सांगितलं तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या. आणि ती मुलगी? तिने हात वर केला तो विरोधात. "रांगोळीला एवढं लोखंड लागत नाही," म्हणाली. मी तिचं वाक्य फळ्यावर लिहिलं.

पालकांसाठी दोन शब्द

मूल एखादी विचित्र गोष्ट बघून "हे काय? कशाला?" असं विचारतं, तेव्हा आपण पटकन "वेडेपणा आहे" म्हणतो, नाहीतर "तुला नाही कळायचं" म्हणतो. दोन्ही उत्तरांनी प्रश्न मरतो. त्याऐवजी "तुला काय वाटतं? आणि ज्याची ती जागा आहे त्याला काय वाटत असेल?" एवढंच विचारून बघा.

कुंपण १४ दिवसांनी उतरवलं गेलं. खांब आणि कापड शेतकऱ्यांकडे गेलं, टेकड्या पुन्हा होत्या तशा झाल्या. माझ्या फळ्यावरचं वाक्यही दुसऱ्या दिवशी पुसलं गेलं. पण आता वर्गात कुणी "कशाला?" म्हणून उठलं, की मी त्याला खाली बसवत नाही.