ऐकू येते, पण उमगत नाही

माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा आहे. "दळणाचा डबा गिरणीत ठेव, येताना मिठाची पुडी आण आणि मावशीला सांग, आई उद्या येणार नाही," असे त्याला सांगितले, की तो डबा ठेवून रिकाम्या हाताने परत येतो. वर्गात 'वही काढा' म्हटले, की शेजारच्या मुलाने काय काढले हे आधी पाहतो. शुद्धलेखनात 'भात' सांगितला तर 'बात' लिहितो. गेल्या वर्षी शाळेतून निरोप आला, की मुलगा एक तर बहिरा आहे किंवा त्याला शिकायचेच नाही. वडिलांनी पहिली गोष्ट स्वतःच तपासली. त्याच्या पाठीमागे उभे राहून रुपयाचे नाणे फरशीवर टाकले. पोरगा झटकन वळला. मग दुसरी गोष्ट खरी धरून त्यांनी त्याला बदडले, आणि चौथीनंतर शाळा बंद करून जनावरांमागे धाडायचे ठरवले.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे माझ्या शब्दाला थोडेफार वजन आहे, पण सांगायला माझ्याजवळ काहीच नव्हते. मानसशास्त्राच्या तासाला 'अवधान' हा पाठ चालू असताना सरांनी दोन कानांत एकाच वेळी दोन निरोप ऐकवण्याच्या प्रयोगाची माहिती दिली, आणि मला भाऊ आठवला. तास संपल्यावर सरांना विचारले. त्यांनी 'ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर' हे नाव कागदावर लिहून दिले. मराठीत त्याला श्रवण-प्रक्रिया दोष म्हणता येईल.

कान आवाज पकडतो, परंतु त्याचा शब्द होतो तो मेंदूत. गोंगाटातून एक आवाज वेगळा काढणे, 'ब' आणि 'भ' यांतला बारीक फरक धरणे, कोणता आवाज आधी आला नि कोणता नंतर हे लावणे, ही सारी कानामागची कामे आहेत. कान उत्तम असूनही ही कामे अडखळू शकतात. ही गोष्ट तपासता येते हे प्रथम इटलीत दिसले. १९५४ मध्ये बोक्का, कालेआरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या कानशिलाकडील भागात गाठ असलेल्या रुग्णांना मुद्दाम अस्पष्ट केलेले शब्द ऐकवले. साध्या तपासणीत ज्यांचे कान चांगले ठरत होते, तेच रुग्ण येथे गाठीच्या विरुद्ध बाजूच्या कानाने मागे पडले. पुढे १९६१ मध्ये डोरीन किमुरा यांनी कॅनडात दोन्ही कानांत एकाच क्षणी वेगवेगळे आकडे ऐकवण्याची पद्धत वापरली. ती आजही चालते.

दिवाळीच्या सुटीत वडील, भाऊ आणि मी मानवत रोडहून मुंबईची गाडी धरली. तेथील एका सरकारी रुग्णालयाच्या श्रवण विभागात दोन दिवस गेले. पहिल्या दिवशी या दोषाचे नावही निघाले नाही. कानात मळ किंवा पाणी आहे का, पडदा नीट हलतो का, हे पाहिले. मग आवाजबंद खोलीत बसवून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर अगदी हळू ऐकवले, आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगितले. कान स्वच्छ निघाले. वडिलांचा चेहरा पडला. त्यांना वाटत होते, की कानाचे मशीन मिळेल आणि प्रश्न मिटेल.

दुसरा दिवस खरा. हेडफोन लावून उजव्या कानात 'तीन' आणि त्याच क्षणी डाव्या कानात 'आठ', दोन्ही सांगायचे. नंतर मागे कलकलाट ठेवून शब्द. नंतर खरखरीच्या आवाजात मध्येच काही सहस्रांश सेकंदांची फट. ती कळली का? शेवटी तीन सूर, उंच की खालचा हे क्रमाने सांगायचे. भाऊ सुरांत बरा होता. कलकलाटातले शब्द मात्र निम्मेअर्धे गेले, आणि आकड्यांत डावा कान पुष्कळच मागे राहिला. याचे कारण मॅडमनी कागदावर चित्र काढून सांगितले. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्धात असते. उजव्या कानाचा निरोप तेथे सरळ जातो. डाव्या कानाचा मात्र आधी उजव्या अर्धात जाऊन मधला पूल ओलांडून येतो. लहानपणी हा पूल पुरता पक्का नसतो. म्हणून साधारण सात वर्षांखालील मुलांच्या या चाचण्यांवर भरवसा ठेवत नाहीत, आणि निकाल नेहमी त्याच वयाच्या मुलांशी ताडून पाहतात.

येथे भाषेचा प्रश्न येतो, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इंग्रजी चाचणीत 'सेव्हन' हा आकडा वगळतात, कारण तो दोन अवयवांचा आहे आणि बाकीचे एका अवयवाचे. मराठीत ती अडचण 'सहा' आणि 'नऊ' यांची होईल. म्हणजे परकी चाचणी नुसती भाषांतरून चालत नाही. शिवाय पाथरीच्या पोराला इंग्रजी शब्द ऐकवले तर तपासणी कानाची होईल की इंग्रजीची? म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत आशा यथिराज व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांसाठी बारा प्रश्नांची चाळणी तयार केली. निम्म्या किंवा अधिक प्रश्नांना 'होय' आले, तर मुलाला पुढे तपासायला पाठवायचे. असा कागद आमच्या तालुक्यातील प्रत्येक शाळेत असता, तर नाण्याची परीक्षा झाली नसती. महाराष्ट्रात या विषयाची मोठी संस्था म्हणजे वांद्र्याची अली यावर जंग संस्था, स्थापना १९८३.

तज्ज्ञांचे या दोषावर एकमत नाही, हेही लिहिले पाहिजे. हा स्वतंत्र दोष नसून अवधानाचा, स्मरणाचा किंवा भाषेचा दोष कानाच्या वेशात येतो, असे काहींचे म्हणणे आहे. आमच्या मॅडमनीही वाचनाची आणि अवधानाची तपासणी करून घ्यायला लिहून दिले. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातील एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, पण या दोषाचे वेगळे नाव नाही.

हा प्रश्न मुलांपुरता नाही. डोक्याला मार लागल्यावर, पक्षाघातानंतर आणि वाढत्या वयातही असे होऊ शकते. माझी आजी लग्नाच्या मांडवातून लवकर उठून येते. विचारले तर म्हणते, "ऐकू येतंय माय, पर उमगत नाही." तिच्या बाबतीत मात्र आधी सुरांची तपासणी हवी, कारण उतारवयात बारीक आवाज कानातूनच गळतात आणि तक्रार अगदी अशीच असते. ती मुंबईला यायला तयार नाही. तिला परभणीपर्यंत तरी न्यायचे मी ठरवले आहे.

भावाला मशीन मिळाले नाही, कारण आवाज मोठा केल्याने त्याचा प्रश्न सुटणारा नव्हता. मिळाला तो एक कागद: पहिल्या बाकावर, रस्त्याकडील खिडकीपासून दूर बसवा, सूचना तोंडी देऊन फळ्यावरही लिहा, रोज पंधरा मिनिटे गोष्ट ऐकवून प्रश्न विचारा, वर्षाने पुन्हा तपासा. गुरुजींनी कागद दोनदा वाचला आणि त्याच दिवशी बाक बदलला. तो यंदा पाचवीत आहे. वडील आता समोर येऊन आधी नाव घेतात, तो पाहू लागला की बोलतात, आणि एका वेळी एकच काम सांगतात. मिठाची पुडी मात्र अजून कधी कधी दुकानातच राहते.