तेर नगरीचे अवलोकन

प्रेषितांच्या कृत्यांचा १७ वा अध्याय शिकविताना उपदेशक बंधूंस एक प्रश्न बहुधा विचारला जातोच. थेस्सलनीका, बिरुया, अथेनै ही जी नगरे त्यात आली आहेत, ती आज आहेत काय, आणि असल्यास तेथे पाहण्यासारखे काय उरले आहे? प्रश्न योग्य आहे. ज्या नगराचा रस्ता, वेस व बाजार डोळ्यांपुढे उभा राहत नाही, त्या नगरातील माणसेही केवळ नावेच राहतात. म्हणून आज थोडे थेस्सलनीकेविषयी सांगून, मग आमच्याच धाराशिव जिल्ह्यातील एका नगराकडे वाचकांस नेण्याचा आमचा विचार आहे. ह्या दोहोंचा संबंध काय, ते पुढे कळून येईल.

थेस्सलनीका नगर इसवी सनापूर्वी ३१५ च्या सुमारास कसांद्र राजाने वसविले, आणि आपल्या राणीचे, म्हणजे थोर शिकंदराच्या सावत्र बहिणीचे, नाव त्यास दिले. आज ते ग्रीस देशातील दुसऱ्या क्रमांकाचे मोठे शहर आहे. त्याची पश्चिमेकडील वर्दार नावाची वेस रोमन काळची होती. ती १८७६ साली पाडण्यात आली. त्या वेशीवरचा एक शिलालेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियमात आहे. त्यात नगराधिकाऱ्यांस 'पोलितार्ख' असे म्हटले आहे. लूकानेही ह्याच नगराच्या अधिकाऱ्यांस हाच शब्द लाविला आहे, आणि इतर ग्रीक ग्रंथकारांत तो आढळत नसल्यामुळे लूकाच्या माहितीविषयी पूर्वी शंका घेतली जाई. पाडलेल्या वेशीच्या एका दगडाने ती शंका फेडली.

त्याच नगरात रोटुंडा नावाची एक वाटोळी, जाड भिंतींची इमारत आहे. ती इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या आरंभी गलेरिय बादशहाने उभारिली. पुढे तिचे ख्रिस्ती मंदिर झाले. तुर्कांच्या अमलात, १५९१ च्या सुमारास, तिची मशीद झाली. आणि १९१२ साली नगर ग्रीस देशाकडे आल्यावर ते मशिदीचे रूपही गेले. तिचा मनोरा मात्र अजून उभा आहे. १९१७ च्या ऑगस्ट महिन्यात मोठी आग लागून खालचे नगर जळाले. परंतु टेकडीवरची जुनी वस्ती वाचली, आणि तिच्या अरुंद गल्ल्या व लाकडी सज्जांची घरे पाहण्यास आज लोक मुद्दाम चढून जातात.

तथापि ह्याच नगरातील एक गोष्ट दुःखाची आहे, आणि ती आम्ही हेतुपूर्वक सांगतो. तेथे यहुदी लोकांची फार मोठी व प्राचीन स्मशानभूमी होती. १९४२ च्या डिसेंबरात, जर्मन लष्कराच्या अमलाखाली, ती उद्ध्वस्त करण्यात आली, आणि कबरांचे कोरीव दगड भिंतींस, फरसबंदीस व घरांच्या कामास नेण्यात आले. पुढच्याच वर्षी नगरातील ४५ हजारांहून अधिक यहुदी आगगाड्यांत कोंडून मृत्यूच्या छावण्यांकडे धाडण्यात आले. माणसेही गेली, आणि त्यांच्या वाडवडिलांची नावे वाहणारे दगडही पायऱ्यांखाली गेले. ज्या जागेवर त्या कबरा होत्या, तेथे आज विद्यापीठ उभे आहे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. ग्रीस देशास जाणे आमच्या मंडळ्यांतील किती जणांस साधेल? परंतु पौल ज्या काळी आपली पत्रे लिहीत होता, त्याच पहिल्या शतकाच्या मध्यास मिसर देशात राहणाऱ्या एका व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचे एक माहितीपुस्तक ग्रीक भाषेत लिहिले. त्याचे नाव कोणास ठाऊक नाही. पुस्तकास 'पेरिप्लस' म्हणतात. ही ग्रीक पंडिती थाटाची नव्हे. बाजारात व बंदरात जी बोलली जाई, नव्या करारातील पत्रे जीत आहेत, तिच्याच जवळची ही भाषा होय. ह्या पुस्तकात आमच्या जिल्ह्यातील एक नगर आले आहे. त्यास तो व्यापारी 'तगर' म्हणतो. आम्ही त्यास तेर म्हणतो.

तो लिहितो की, बारुगाझा, म्हणजे आपले भडोच बंदर, येथून दक्षिणेस सुमारे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि पैठणापासून पूर्वेस सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे. तेथून साधे कापड पुष्कळ, नाना प्रकारची मलमल, मोलोखिना नावाचे कापड, आणि समुद्रकाठच्या प्रांतांतून तेथे आलेला इतर माल, हे सर्व गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोचेस उतरविले जाई. उलट बाजूने तांबे, कथील, शिसे, पोवळी, काच व द्राक्षारस येई. मिसरातून जहाजे जुलै महिन्याच्या सुमारास निघत व पावसाळी वाऱ्याच्या बळावर समुद्र ओलांडीत. ह्या भागास 'दखिनाबादेस' म्हणतात, कारण तेथील लोकांच्या भाषेत दक्षिणेस 'दखनोस' म्हणतात, असेही तो नमूद करितो. 'दक्खन' हा आपला रोजचा शब्द एका ग्रीक व्यापाऱ्याने ऐकून दोन हजार वर्षांपूर्वी कागदावर उतरविला, हे वाचून आम्हांस तरी मोठे नवल वाटले.

तीस दिवसांची बैलगाडीची वाट म्हणजे काय, हे आमच्या शेतकरी वाचकांस समजाविण्याची गरज नाही. कापूस पिकविणारा, सूत काढणारी, विणकर, रंगारी, गाडीवान, वाटेवरचा लोहार, एवढ्यांचे हात लागल्यावाचून ती मलमल रोमी सरदारांच्या घरी पोहोचली नाही. त्यांपैकी एकाचेही नाव कोठे लिहून ठेविलेले नाही.

पुढे नगराचा व्यापार ओसरला. नाव मात्र राहिले. कोकण व कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. परंतु हे तगर कोठले, ह्याविषयी विद्वानांत फार दिवस वाद होता. कोणी दौलताबाद म्हणे, कोणी जुन्नर, कोणी धारूर. पैठणापासून तेर नीट पूर्वेस नसून आग्नेयेस आहे, हेही घोटाळ्याचे एक कारण होते. १९०१ साली डॉ. फ्लीट ह्यांनी तगर म्हणजेच तेर, असे साधार लिहिले. नंतर पुराणवस्तु खात्याचे हेन्री कझिन्स ह्यांनी गावाची पाहणी करून तेथील देवळांचे वर्णन खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात छापिले. १९५८ साली चापेकर ह्यांनी, व त्यानंतर इतरांनीही, तेथे उत्खनन केले. विटांचा स्तूप सापडला, आणि सातवाहन राजांच्या काळचे नगर जमिनीखालून हळूहळू वर येऊ लागले.

उमरग्याहून सोलापूर रस्त्याने नळदुर्ग, तेथून तुळजापूर व धाराशिव करून तेरास जाता येते. नळदुर्गाचा किल्ला वाटेतच लागतो. त्याविषयी लिहू लागल्यास हा लेख संपणार नाही. तेर गाव तेरणा नदीच्या काठी आहे. आम्ही मंडळीतील काही वडीलधारी माणसे व शब्बाथ शाळेची थोरली मुले घेऊन गेलो होतो.

त्रिविक्रमाच्या देवळाशी येताच आमच्यातील एक वृद्ध उपदेशक बाहेरच थांबले. "पाळकसाहेब, तुम्ही मुलांना घेऊन आत जा. मूर्तीच्या देवळात आपलं काय काम?" असे ते म्हणाले. त्यांचा आदर राखून आम्ही एवढेच विचारले की, अथेनै नगरात पौल काय करीत होता? तो रस्त्यांनी फिरत होता, आणि तेथील लोकांच्या पूजेच्या वस्तू लक्ष देऊन पाहत होता. इतके की, एका वेदीवर काय लिहिले आहे तेही त्याने वाचिले. बाबांनी थोडा विचार केला, आणि ते आमच्याबरोबर आले.

हे देऊळ नीट पाहण्याजोगे आहे. पुढचा मंडप मागाहून जोडलेला आहे. मुख्य भाग विटांचा असून त्याची मागची बाजू चौकोनी नाही, अर्धवर्तुळाकार आहे, आणि माथा उपड्या पन्हळासारखा गोल आहे. अशी बांधणी बौद्ध चैत्याची असते. कार्ले व भाजे येथील लेण्यांत डोंगर खोदून हाच आकार केलेला आहे. म्हणून कझिन्स ह्यांनी असे ठरविले की, हा मुळात बौद्ध चैत्य असून पुढे त्यात विष्णूची त्रिविक्रम मूर्ती स्थापण्यात आली. उभ्या भिंतींच्या रूपाने अशी इमारत टिकलेली हिंदुस्थानात फार थोड्या ठिकाणी आढळते. वर सांगितलेली थेस्सलनीकेची रोटुंडा वाचकांस येथे आठवेल. पूजा बदलली, भिंत तीच राहिली. रागाच्या भरात कोणी ती भिंत पाडिली असती, तर आज ही हकीकत सांगावयास काहीही उरले नसते.

उत्तरेश्वराचे देऊळही विटांचेच आहे; त्याची कोरीव लाकडी चौकट प्रसिद्ध आहे. तेरच्या काही जुन्या विटा इतक्या हलक्या आहेत की पाण्यावर तरंगतात. मातीत भुसा मिसळून वीट भाजली, म्हणजे भुसा जळून जातो आणि आत बारीक पोकळ्या राहतात. हे ऐकून आमच्याबरोबरच्या एका वीटभट्टीवाल्या बंधूने भिंतीवर हात फिरवीत बराच वेळ काढिला. गावात महावीराचे जैन मंदिरही आहे. अपभ्रंश भाषेतील 'करकंडचरिउ' ह्या जैन काव्यात तेरापूर म्हणून ह्याच नगराचा उल्लेख आहे.

गावचे एक रहिवासी कै. रामलिंगप्पा लामतुरे ह्यांचे उपकार सर्वांनी मानावे असे आहेत. शेतात नांगरताना, पाया खणताना लोकांस जे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती व भांडी सापडत, ती त्यांनी वर्षानुवर्षे जमविली. तो संग्रह आज त्यांच्याच नावाच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात आहे. रोमी नाण्यांच्या धर्तीवर केलेली, गळ्यात घालावयाची मातीची पदके, पांढऱ्या चिकणमातीच्या साच्यातल्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या असे बहुत काही तेराने दिले आहे. त्यात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. इटली देशातील पाँपेई शहर सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. १९३८ साली त्याच्या एका घरात हिंदी कारागिरीची जी हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी ही फार जुळते. भोकरदनासही तशीच एक मिळाली आहे. पाँपेईची मूर्ती नेमकी कोणत्या गावी घडली, ह्याविषयी विद्वानांचे एकमत नाही; परंतु ती ज्या व्यापाराने गेली त्याच्या वाटा आमच्या मुलखातून जात होत्या.

आता ज्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतली ती गोष्ट. गावाभोवती जुन्या वस्तीची पांढरी टेकाडे आहेत. काळी म्हणजे शेती आणि पांढरी म्हणजे वस्ती, हा भेद आपल्याकडे लहान मुलासही कळतो. पांढरीची माती धाब्याच्या घरांवर घालावयास चांगली, शेतास खत म्हणूनही चांगली. म्हणून मराठवाड्यात जुन्या गावठाणांची टेकाडे पिढ्यान्पिढ्या गाड्या भरून नेली गेली. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. पण त्या मातीचे थर पुस्तकाच्या पानांसारखे असतात. मणी कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी होता, हे कळले तर त्याचा काळ सांगता येतो. तोच मणी खिशातून बाहेर आला, तर तो केवळ मणी. आमच्याबरोबरच्या एका मुलाने पावसाने उघडा पडलेला शंखाच्या बांगडीचा तुकडा उचलून खिशात घातला. आम्ही त्यास रागे भरलो नाही. आधी तो कोठे पडला होता ते दाखव, असे म्हटले. त्यास ती जागा पुन्हा सापडेना. मग तो तुकडा आम्ही संग्रहालयात देऊन आलो.

हे फक्त तेरापुरते नाही. उमरग्याचे जुने महादेवाचे देऊळ सर्वांस ठाऊक आहे. पण तालुक्यातील कित्येक खेड्यांत कोरीव दगड उंबऱ्यास, रहाटास किंवा धुण्याच्या जागी लागलेले आम्ही पाहतो. कोणी परगावचा माणूस जुनी नाणी वा मूर्ती विकत मागावयास आला, तर उपदेशक बंधूंनी लोकांस स्पष्ट सांगावे की, १९७२ च्या कायद्याने असा विनापरवाना व्यापार गुन्हा आहे. काही सापडल्यास ते तेथेच ठेवून तहसीलदारांस कळवावे. "ते देव आमचे नव्हत, मग दगडांची काळजी आम्ही का करावी?" असे आमच्या लोकांनी तर मुळीच म्हणू नये. त्या विटा भाजणारे, ते सूत कातणारे आमचेही पूर्वज नसतील कशावरून?

गावातच गोरा कुंभाराची समाधी आहे. नामदेव व ज्ञानेश्वर ह्यांच्या काळच्या ह्या संताची, थापटणे हाती घेऊन कच्चे व पक्के मडके पारखल्याची, गोष्ट घराघरांत सांगितली जाते. तेरच्या मातीत ज्यांनी काम केले अशा असंख्य हातांपैकी नावाने ओळखला जाणारा हा बहुधा एकच कारागीर आहे, आणि म्हणून आम्ही तेथे थोडा वेळ बसलो.

ज्यांस जावयाचे असेल त्यांनी संग्रहालय उघडे आहे की नाही ह्याची आगाऊ चौकशी करावी, आणि ते आधी पाहून मग देवळांकडे वळावे. त्रिविक्रमाच्या देवळास पुढून पाहून परत फिरू नये. भिंतीची ती गोलाई मागच्या बाजूस गेल्यावाचून नीट दिसत नाही.