पॅकेज आहे, पण सापडत नाही

पायथनमध्ये बाहेरचे पॅकेज 'पिप'ने बसवावे आणि तरीही 'मॉड्यूलनॉटफाउंडएरर' यावा, हा अनुभव आम्हीही घेतला. तेव्हा आम्ही आपल्या बुद्धीलाच दोष दिला. पण खातेवही दुसऱ्या कपाटात गेली म्हणून खाते बुडत नाही.

पायथन सगळा संगणक धुंडाळत नाही. 'सिस डॉट पाथ' या यादीतील जागा क्रमाने पाहतो. बाहेरची पॅकेजेस बहुधा 'साइट-पॅकेजेस' फोल्डरमध्ये असतात. संगणकावर दोन पायथन असतील, तर पॅकेज एकाच्या कपाटात आणि शोध दुसऱ्याच्या, असे घडते. म्हणून ज्या पायथनने प्रोग्राम चालवायचा, त्याच्याच '-एम पिप'ने पॅकेज बसवावे.

'पायथनपाथ'मध्ये जादा फोल्डर लिहिताना लिनक्स व मॅकवर मध्ये कोलन, तर विंडोजवर सेमिकोलन द्यावा. कारण विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापुढे कोलन असतोच.

सर्वांत निर्धोक मार्ग 'व्हेनव्ह'चा. २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून तो पायथनबरोबरच मिळतो. प्रत्येक कामाला स्वतंत्र कपाट! त्यातला पायथन लिनक्स व मॅकवर 'बिन'मध्ये, विंडोजवर 'स्क्रिप्ट्स'मध्ये असतो.

तेव्हा एरर आला की आधी ती यादी छापून पाहा. 'हे आपल्याला जमणार नाही' असे म्हणून कोणीही मागे फिरू नये.