तीन तासांत असं काय निसटतं?

प्रश्न : माझा 13 वर्षांचा मुलगा ‘पोकेमॉन गो’ खेळतो. महिन्यातल्या एखाद्या रविवारी ‘आज कम्युनिटी डे!’ म्हणत भरल्या ताटावरून उठतो. वर तिकिटासाठी पैसेही मागतो. काय करावं?
– एक आई, ठाणे

उत्तर : ताई, त्याची घाई अगदीच अनाठायी नाही. जानेवारी 2018मध्ये पिकाचूपासून सुरू झालेला हा उपक्रम साधारण दर महिन्याला असतो. बहुधा स्थानिक वेळेनुसार दुपारी 2 ते 5. तेवढ्या वेळात एकच ठरावीक पोकेमॉन जागोजागी दिसतो. एरवी क्वचित सापडणारा त्याचा वेगळ्या रंगाचा ‘शायनी’ अवतार तेव्हा सहज मिळतो. शिवाय तो पोकेमॉन उत्क्रांत केला, की एरवी न मिळणारा खास हल्ला शिकतो.

पण चुकलं म्हणजे कायमचं गेलं, असं नाही. वर्षभरातले बरेचसे पोकेमॉन डिसेंबरच्या कम्युनिटी डेला परत येतात. हुकलेला हल्ला ‘एलिट टीएम’ ही खेळातली वस्तू वापरून नंतरही शिकवता येतो. मुदत घातली की जीव टांगणीला लागतो; खेळाची रचनाच तशी आहे.

पैशांचं म्हणाल, तर सहभाग फुकट असतो. तिकिटामुळे जास्तीची कामं आणि बक्षिसं मिळतात, इतकंच. तारीख आधीच जाहीर होते. त्या दिवशी पानं दीडलाच घ्या. मित्रांसोबत बागेत जाऊ द्या, मात्र रस्ता ओलांडताना मोबाइल खिशात, ही अट घाला. एखाद्या रविवारी तुम्हीही सोबत जा!